सद्दामचं कौतुक आणि कुवेतचा पगार

महाड-पोलादपूरच्या डोंगरातला माणूस पोटासाठी बाहेर पडतो तो दोन वाटांनी. वरच्या अंगाच्या वाड्यांतला, म्हणजे तळीये, बिरवाडीच्या पलीकडची खोरी, पोलादपुरात कापडे, उमरठ या बाजूचा, मुंबईला जातो. आधी गिरणीत आणि गोदीत, गिरण्या बसल्यावर सिक्युरिटीत, नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसात शिपाई म्हणून. सावित्रीच्या खालच्या अंगाला, जिथे खाडीचं पाणी भरतीबरोबर वर चढतं, तिथल्या टोळ, वहूर, आंबेत अशा गावांतल्या कोकणी मुसलमान घरांची वाट समुद्रावरून जाते. आधी जहाजं आणि आफ्रिका. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसं आखात. तळीयेचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं ते २२ जुलै २०२१ च्या दरडीने, ऐंशीहून अधिक माणसं एका संध्याकाळी गेली तेव्हा. एरवी ही गावं बातमीत येत नाहीत आणि जगाच्या राजकारणाबद्दल त्यांचं म्हणणं काय, हे तर कुणी विचारतच नाही.

पण म्हणणं असतं. एसटी स्टँडवर असतं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या ओटीवर असतं, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर असतं. आणि अमेरिकेपुढे छाती काढून उभा राहिलेला कुणी परदेशी पुढारी निघाला की या म्हणण्याला जोर येतो. नासेर, क्रुश्चॉव्ह, हो चि मिन्ह, कॅस्ट्रो हे सगळे आपल्याकडे आवडते होते. मात्र ते लांबचे होते. त्यांच्या वागण्याने रायगड जिल्ह्यातल्या कुणाची चूल पेटली किंवा विझली, असं झालं नाही. सद्दाम हुसेनचं तसं नव्हतं. तो एकाच वेळी टपरीवरच्या गप्पांतला पराक्रमी होता आणि शेजारच्या गावातल्या कर्त्या माणसाची नोकरी घालवणाराही होता. अमेरिकेला आव्हान देणाऱ्याबद्दल लोकमत कसं घडतं हे बघायचं तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण या मुलखाला दुसरं नाही.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. तिथे तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. सर्वांत जास्त केरळचे, पण मुंबई-कोकणातलेही कमी नव्हते. त्यांच्यापुढचा पहिला पेच नोटेचा. कुवेती दिनार त्या वेळी साधारण साठ रुपयांना पडायचा. इराकने फर्मान काढलं की कुवेती आणि इराकी दिनार आता सारख्याच किमतीचे. प्रत्यक्ष बाजारात इराकी दिनार कुवेतीच्या पासंगालाही पुरत नव्हता. पुढे काही आठवड्यांत तर इराकने कुवेती नोट चलनातूनच काढली. बँका बंद, पगार थांबलेला, आणि गादीखाली जे काही साठवलं होतं त्याची किंमत रोज उतरत चाललेली.

दुसरा पेच पासपोर्टचा. आखातात तेव्हा कामगार कुणा ना कुणा कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या, नावावर असायचा, आणि त्याचा पासपोर्ट बहुतेक वेळा त्या कफीलच्याच कपाटात असायचा. रणगाडे आले तेव्हा कितीतरी मालक रातोरात सौदीत पळाले. कपाटं राहिली, किल्ल्या गेल्या. भारताचा दूतावास कुवेतमधून बसऱ्याला हलवला गेला होता, कारण कुवेत आता इराकचा प्रांत आहे असं बगदादचं म्हणणं होतं आणि तिथे परकी दूतावास ठेवायला परवानगी नव्हती. बहुतेक पाश्चात्त्य देशांनी हा हुकूम झुगारला, भारताने मानला. कुवेतच्या राजघराण्याला ते लागलं आणि पुढे बराच काळ लक्षात राहिलं. पण तेव्हा प्रश्न होता माणसं बाहेर काढायचा, आणि बाहेर पडायचा रस्ता इराकमधूनच जात होता.

तो रस्ता असा: कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवत जॉर्डनची सीमा. इराक आणि जॉर्डन यांच्या मधल्या कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात तंबूंच्या छावण्या पडल्या होत्या. ऑगस्ट महिन्याचं ऊन, पाण्याच्या टँकरभोवती झुंबड, कुठल्या विमानात आपलं नाव लागतंय याची वाट. तिथून अम्मान आणि अम्मानहून एअर इंडिया. १३ ऑगस्टला सुरू झालेली ही ने-आण ऑक्टोबरपर्यंत चालली आणि सुमारे १ लाख ७० हजार माणसं परत आली. नागरी विमानांनी माणसं सोडवून आणण्याचा हा जगातला सर्वांत मोठा उद्योग म्हणून नोंदला गेला. २०१६ च्या ‘एअरलिफ्ट’ सिनेमात हे सगळं एका उद्योगपतीच्या खांद्यावर टाकलं आहे. सिनेमाला एकच नायक परवडतो हे खरं, पण प्रत्यक्षात तिथल्या भारतीयांची समिती होती, दूतावासातले अधिकारी होते, परराष्ट्र खात्यातले आणि विमान कंपनीतले लोक होते, आणि एरवी ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो असे सरकारी बाबूही होते.

मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलेल्या माणसाच्या हातात बऱ्याचदा एक बॅग आणि न चालणारी नोट, एवढंच असायचं. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं, नव्या घराची जोती बांधून झालेली, एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज अर्धं फिटलेलं. कोकणातल्या गावांत अर्धवट थांबलेली बांधकामं हीच त्या वर्षाची मोजदाद म्हणायची.

आणि याच दिवसांत देशभर सद्दामची तारीफ चालली होती.

उत्तरेत नव्या जन्मलेल्या मुलांना त्याचं नाव ठेवल्याच्या बातम्या येत होत्या. आपल्याकडेही ‘एकटा गडी अख्ख्या अमेरिकेला पुरून उरला’ हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू यायचं, आणि ते बोलणारे फक्त मुसलमान होते असं मुळीच नाही. मुंबईतल्या गिरणगावात, गावाच्या नावाने भाड्याने घेतलेल्या खोल्यांत राहणाऱ्या पोलादपूरच्या मराठा पोरांनाही सद्दाम पसंत होता. त्यांच्या घरातलं कुणी कुवेतला नव्हतं. त्यांना तो का आवडावा?

याचं उत्तर १९९० मध्ये सापडत नाही, त्याच्या बरंच मागे जावं लागतं. मराठी माणसाच्या मनात अमेरिकेबद्दलचा राग थरांनी साचलेला आहे, आणि त्यातला एक तळचा थर गोव्याचा आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रातून गेलेले किती तरी जण त्यात होते. नानासाहेब गोरे, सेनापती बापट ही नावं घराघरांत माहीत होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि क्रुश्चॉव्ह भारतात आले, मुंबईतही आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. मुंबई खदखदत होती. या दौऱ्यात क्रुश्चॉव्हने गोवा भारताचाच आहे हे उघड सांगितलं. त्यावर २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर संयुक्त पत्रक काढलं आणि गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा केला. मुंबईच्या कामगाराला शीतयुद्धाचा अभ्यास करायची गरजच उरली नाही. कोण आपल्या बाजूने आणि कोण नाही, हे दहा-पंधरा दिवसांत समोर आलं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिकेने भारतावर ताशेरे ओढले आणि रशियाने नकाराधिकार वापरून ठराव पाडला. पुन्हा तेच.

मग दुष्काळ आणि अमेरिकेचं धान्य. १९६५ ते ६७ च्या टंचाईत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गहू एकदम न देता महिन्यामहिन्याच्या हिशोबाने सोडला. भारताने व्हिएतनामच्या युद्धावर बोलू नये, शेतीधोरण बदलावं, असे त्यामागचे धडे होते. १९७२ च्या दुष्काळात घाटावर रेशनला मिळालेला लालसर मिलो, म्हणजे अमेरिकी ज्वारी, अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. त्याची भाकरी घशाखाली उतरत नव्हती हे सांगताना ते आजही तोंड वेडंवाकडं करतात. बांधावरचं गाजर गवतदेखील अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात. त्यातलं तारीखवार गणित तसं सरळ नाही: पुण्यात हे गवत १९५५-५६ च्या सुमाराला नोंदलं गेलं आणि अमेरिकी धान्याचा पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गहू त्याआधीही येत होता, तेव्हा शक्यता नाकारता येत नाही. पण लोकांना तारखेशी देणंघेणं नव्हतं. उपकाराखाली दबलेला माणूस देणाऱ्यावर चिडतोच, आणि त्या चिडीला बांधावर उगवलेला पुरावाही मिळाला.

सर्वांत वरचा थर डिसेंबर १९७१ चा. बांगलादेशचं युद्ध चालू असताना निक्सनने सातव्या आरमारातली ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे वळवली. महाड तालुक्यात फौजी परंपरा मोठी. फौजी आंबवडे नावाचं गावच आहे तिथे. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभराहून अधिक जण लढाईला गेले होते. ज्या घरातला मुलगा पूर्वेच्या आघाडीवर आहे त्या घरात ‘अमेरिकेचं आरमार येतंय’ ही बातमी कशी ऐकली गेली असेल, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा १९९० साली पोलादपूरचा गिरणीकामगार सद्दामला टाळ्या देत होता त्या या सगळ्याच्या होत्या. १९८२ च्या संपात त्याची नोकरी गेली होती, दत्ता सामंतांचा संप रीतसर मागेही घेतला गेला नाही, आणि आपल्याला चिरडणाऱ्या बड्यांना कुणीतरी उत्तर द्यावं ही भूक शिल्लक होती. इराकमध्ये प्रत्यक्षात काय चाललंय, याच्याशी त्या टाळ्यांचा संबंध थोडाच होता. सद्दाम हा तिथे माणूस कमी आणि रिकामी जागा जास्त होता. ज्याला जो राग बसवायचा तो तिथे बसवावा.

खालच्या अंगाच्या गावांत गुंता जास्त होता. कोकणी मुसलमान शाफई सुन्नी. सद्दाम सुन्नी असला तरी त्याचा बाथ पक्ष धर्माला राजकारणात थारा न देणारा, आणि इराणशी आठ वर्षं युद्ध करून दमलेला. कुवेतवर हल्ला करून त्याने मुसलमान देशच गिळला होता. तेव्हा धर्माच्या नावावर त्याची बाजू घ्यायला सुरुवातीला कुणी फारसं पुढे येईना. बारा ऑगस्टला त्याने डाव टाकला: इस्रायल पॅलेस्टाइनमधून हटला तर आम्हीही हटण्याचा विचार करू. जानेवारीत तेल अवीववर स्कड क्षेपणास्त्रं सोडली. इथून पुढे मशिदीबाहेरच्या गप्पांना वेगळा रंग आला. पॅलेस्टाइनचा प्रश्न कुणी हातात घेतो म्हटल्यावर त्याचे बाकीचे हिशोब लोक बाजूला ठेवतात. पण ज्या घरातला मुलगा जॉर्डनच्या छावणीतून परतला होता, त्या घरात हा रंग चढला नाही. आणि ज्यांची माणसं सौदीत होती ते वेगळ्याच काळजीत: युद्ध पेटलं तर रियाध-दम्मामहूनही असंच पळावं लागणार का? एकाच गावात, कधी एकाच घरात, तीन मतं होती. मत कुठून येतं हे शोधायला गेलं तर धर्माआधी पगाराची पावती सापडते, असा माझा अनुभव आहे.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. इराक या भागाला नवखा नव्हता. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी बसरा घेतलं ते सहाव्या पुणे डिव्हिजनच्या बळावर, आणि त्यात मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड याच डिव्हिजनला घेऊन बगदादकडे निघाला, अडकला, आणि कुत अल-अमाराला जवळपास पाच महिने वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेला. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी तिथे होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांची पोरं तायग्रिसच्या काठी घोड्याचं मांस खायचं की नाही यावरून पेचात पडली होती, आणि शरणागतीनंतर त्यातली बरीच तुर्कांच्या कैदेत चालता चालता मेली. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच बसऱ्यातून कोकणातलीच माणसं बॅग डोक्यावर घेऊन अम्मानकडे निघाली. पहिल्या वेळी इंग्रजांची लढाई होती, दुसऱ्या वेळी अरबांचं तेल. आपल्या माणसाचं त्या देशात स्वतःचं काम असं कधी नव्हतंच.

दिल्लीचं सरकारही जनतेइतकंच दुभंगलेलं होतं, आणि ते एका फोटोत पकडलं गेलं. ऑगस्ट १९९० च्या तिसऱ्या आठवड्यात विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारमधले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. लष्करी गणवेशातल्या सद्दामने त्यांना मिठी मारली आणि तो फोटो जगभर छापून आला. पाश्चात्त्य जगात संताप झाला, कुवेतमध्ये तर जास्तच. गुजरालांवर आजही या मिठीवरून टीका होते. मला ती टीका अर्धीच पटते. मिठी न मारता परत आले असते तर त्यांचा बाणा टिकला असता, आणि पावणेदोन लाख माणसं सद्दामच्या मर्जीवर तशीच राहिली असती. इराकशी भारताचे जुने, बरे संबंध होते. सद्दाम १९७४ मध्ये भारतात येऊन गेला होता, पुढच्या वर्षी इंदिरा गांधी बगदादला गेल्या होत्या, काश्मीरच्या प्रश्नावर इराक आपल्याला त्रास देत नसे. या पुंजीवर माणसं सुटली. तेव्हा कुवेतमध्ये ज्यांना उपाशी राहायची पाळी आली होती, त्यांच्यासाठी धान्य भरलेलं ‘विश्वसिद्धी’ जहाज पाठवायला भारताला संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीकडे परवानगी मागावी लागली, ती मिळाली. इकडे सद्दामशी गोड, तिकडे अमेरिकेशी गोड. रुबाब त्यात नव्हता, पण भात शिजला.

रुबाबाचा प्रश्न जानेवारी १९९१ मध्ये आला. सरकार बदलून चंद्रशेखर पंतप्रधान झाले होते, आणि फिलिपिन्सहून आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी मालवाहू विमानांना भारतात तेल भरू दिलं जात होतं. त्यातलं एक ठिकाण मुंबईचं सहार. म्हणजे चार महिन्यांपूर्वी ज्या धावपट्टीवर कुवेतचे निर्वासित उतरले, तिथेच इराकवर जाणाऱ्या सामानाची विमानं टाकी भरून घेत होती. बातमी फुटली, डावे उठले, राजीव गांधींनी चंद्रशेखर यांच्यावर दबाव आणला आणि फेब्रुवारीत हे थांबवावं लागलं. लोकमताने सरकारचा हात धरला अशी परराष्ट्र व्यवहारातली उदाहरणं आपल्याकडे मोजकी. हे त्यातलं एक. युद्ध स्वतः मात्र लोकांनी पाहिलं ते अमेरिकेच्याच डोळ्यांनी. सीएनएन मोठ्या हॉटेलांत लागलं, मग मुंबईच्या गल्लीबोळांतल्या केबलवाल्यांनी डिश बसवल्या. महाडला ते पोचलं नव्हतं. तिथे संध्याकाळी बीबीसीची हिंदी सेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणारं मुंबईचं वर्तमानपत्र.

टाळ्यांचं बिलही येत होतं. जुलै १९९० मध्ये सतराएक डॉलरला मिळणारं तेलाचं पिंप ऑक्टोबरपर्यंत चाळीसच्या वर गेलं. सरकारने पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के आखाती अधिभार लावला. कुवेत-इराकमधून येणारा पैसा थांबला. परकीय चलन इतकं आटलं की १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परदेशात गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतून आणखी सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. ज्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर महाड तालुक्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, त्याच बँकेवर ही वेळ यावी. संकटाची मुळं आधीच्या दशकातल्या उधळपट्टीत होती हे खरं, पण शेवटचा धक्का आखाताचा. टपरीवर सद्दामचा जयजयकार करणाऱ्याने एसटीच्या डिझेलपासून रुपयाच्या अवमूल्यनापर्यंत त्याची किंमत मोजली. दोन्हींचा संबंध मात्र त्याने लावला नाही.

आणखी एका गोष्टीचा संबंध लावला गेला नाही, आणि तो न लावणं मला जास्त खटकतं. १६ मार्च १९८८ रोजी याच सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला आणि पाच हजारांच्या आसपास माणसं, बायका-मुलांसकट, काही तासांत मेली. तेव्हा सद्दाम अमेरिकेच्या विरोधात नव्हता. इराणविरुद्धच्या लढाईत अमेरिका त्याच्याकडे झुकलेली होती. त्यामुळे वॉशिंग्टनने १९९० पर्यंत हलब्जा फारसा लावून धरला नाही, आणि धरला तेव्हा आपल्याकडच्या चाहत्यांना तो अमेरिकेचा प्रचार वाटला. बड्याशी भिडणारा गडी घरात कसा आहे, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. क्रुश्चॉव्हच्या बाबतीतही नव्हती. गोव्याबद्दल बोलल्यानंतर पुढच्याच वर्षी त्याने बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले.

भरपाईचा भाग लोकांना फार कमी माहीत आहे. युद्ध संपल्यावर सुरक्षा परिषदेने भरपाई आयोग नेमला. कुवेत किंवा इराक सोडून पळावं लागलेल्या प्रत्येकाला, कुठल्याही देशाचा असो, ठरावीक रक्कम: एकट्या माणसाला अडीच किंवा चार हजार डॉलर, कुटुंबाला पाच किंवा आठ हजार. जास्त रकमेचा दावा करायचा तर वेगळे वर्ग, वेगळी कागदपत्रं. अर्ज आपापल्या सरकारमार्फत करायचा होता. त्यासाठी दिल्लीत परराष्ट्र खात्याने विशेष कुवेत कक्ष उघडला. पासपोर्टवरचा शिक्का, अम्मानच्या विमानाचा पुरावा, नोकरीचा कागद. यातलं जे वाळवंटात हरवलं होतं त्याच्या जागी प्रतिज्ञापत्र. पैसे यायला वर्षं गेली, कारण ते इराकने तेल विकल्याशिवाय येणार नव्हते आणि इराकला तेल विकायलाच बंदी होती. १९९६ च्या अखेरीस ‘अन्नासाठी तेल’ योजनेखाली विक्री सुरू झाली आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा भरपाईकडे वळवला गेला. कुवेतमधून परतलेल्या भारतीय कामगाराच्या खात्यात जे डॉलर आले ते असे सद्दामच्या तेलाचे. तेव्हा इराकी दवाखान्यांत औषध नव्हतं आणि मुलं मरत होती. आयोगाने एकूण ५२ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली आणि इराकने शेवटचा हप्ता २०२२ च्या सुरुवातीला चुकवला, सद्दामला फाशी होऊन पंधरा वर्षं झाल्यावर.

दुसऱ्या युद्धाच्या वेळी, २००३ मध्ये, चित्र बरंच बदललं होतं. सद्दामच्या बाजूने १९९० इतका उमाळा नव्हता. राग सगळा बुशवर होता. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने युद्धाचा निषेध केला. अमेरिकेला मात्र भारताचं सैन्य हवं होतं, एक अख्खी डिव्हिजन, इराकमध्ये बंदोबस्ताला. वाजपेयी सरकारातल्या काही जणांना ते पटतही होतं. १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नकार दिला. कुतच्या वेढ्याची आठवण त्या बैठकीत कुणी काढली असेल-नसेल; पण परक्याच्या लढाईत आपली पोरं नकोत, हे गावागावांतल्या फौजी घरांचं म्हणणं सगळ्या पक्षांना ठाऊक होतं. पुढच्या जानेवारीत गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला आणि जगभरातून आलेल्या हजारो लोकांनी आठवडाभर अमेरिकेविरुद्ध घोषणा दिल्या. त्याच वर्षी, भारतीय ट्रकचालकांचं इराकमध्ये अपहरण झाल्यावर, सरकारने तिथे कामाला जायला बंदी घातली. बंदी घालावी लागली यातच सगळं आलं: लोक जात होते. अमेरिकी तळांवरची स्वयंपाकघरं, धुलाई, ट्रक यांवर भारतीय माणसं होती. युद्ध वाईट, पगार चांगला.

३० डिसेंबर २००६ ला, आखातात बकरी ईद असताना, सद्दामला फासावर चढवलं. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींनी सरकारची निराशा जाहीर केली. देशात ठिकठिकाणी मोर्चे निघाले. फाशीच्या दोराखालीही तो डगमगला नाही, हे मोबाईलवरच्या चोरट्या चित्रफितीने सगळ्यांनी पाहिलं, आणि १९९० ची तारीफ थोडी परत आली. कुवेतला परत जाऊन पुन्हा नोकरीला लागलेले आपले लोक त्या दिवशी गप्प होते. तिथे उघड आनंद चालला होता.

अशा मतांची मोजणी करायचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. एरिक डा कोस्टा यांनी पन्नासच्या दशकात दिल्लीत लोकमत संस्था काढली आणि अमेरिका-रशियाबद्दल लोकांना काय वाटतं हे महिन्यामहिन्याला छापलं. पण विचारलं जायचं ते बहुतेक मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथल्या शिकलेल्यांना. अलीकडे अमेरिकेची प्यू संस्था विचारते. युक्रेनचं युद्ध दुसऱ्या वर्षात असताना, २०२३ मध्ये, तिने भारतीयांना विचारलं तेव्हा ६५ टक्के लोकांचं अमेरिकेबद्दल चांगलं मत निघालं आणि ५७ टक्क्यांचं रशियाबद्दल. युरोपातल्या वाचकांना हे आकडे चक्रावणारे वाटले. दोन्ही गटांची बेरीज शंभराच्या वर जाते, म्हणजे बरेच जण दोन्हीकडे आहेत. पोरगा ह्यूस्टनला पाठवायचा आणि पुतिनचं कौतुक करायचं, यात आपल्या माणसाला विसंगती वाटत नाही, कारण पहिलं मत घराचं आहे आणि दुसरं ओटीवरचं. पाहणीवाला दोन्ही एकाच कागदावर लिहून घेतो.

२२ जून २०२५ ला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. दुसऱ्या रात्री इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. इराणचा सर्वोच्च नेता खामेनी शिया, आपले कोकणी सुन्नी, तरी मोबाईलच्या ग्रुपांवर वाहवा झाली. त्यात नवल नव्हतं, आणि ती वाहवा करणाऱ्यांत हिंदू मुलंही होती. त्याच रात्री कतार, कुवेत, बहारीन, दुबई इथली हवाई हद्द काही तास बंद झाली. मुंबईहून निघालेली विमानं माघारी वळली. दोहात ज्यांचा भाऊ किंवा नवरा आहे त्यांनी पहिला फोन तिकडे लावला आणि तळ कामाच्या जागेपासून किती लांब आहे हे विचारलं. अल उदैद दोहाच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर आहे, आणि तिथली साफसफाई, स्वयंपाक, दुरुस्ती ज्या कंत्राटदारांकडे आहे त्यांच्याकडे भारतीय कामगार आहेत. तळ तिथून उठावा असं त्यातल्या किती जणांना वाटतं, हे प्यूने अजून विचारलेलं नाही.